पुराच्या चिखलातली पाती

२२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आई माडीवर होती, म्हणून वाचली. खालचं स्वयंपाकघर मात्र फडताळाच्या वरच्या फळीपर्यंत बुडालं. मी पुण्याहून चौथ्या दिवशी पोचले. ओट्यावर वीतभर चिखल, डब्यांतले तांदूळ फुगून झाकणं उडालेली, आणि सगळ्या घरात तो कुजका वास. गाद्या, पुस्तकं, फ्रिज, बाबांचा रेडिओ, सगळं दारासमोरच्या ढिगावर गेलं. गल्लीतल्या प्रत्येक घरासमोर तसाच ढीग होता. आईने तेवढं एक पोतं ढिगावर जाऊ दिलं नाही. "हे लोखंड आहे. ह्याला काय होतंय," म्हणाली आणि ते माझ्या गाडीच्या डिकीत ठेवायला लावलं.

पोत्यात आजीच्या वेळची विळी होती, बाबांची सुरी, फणस कापायची मोठी सुरी, एक कोयती आणि भाजीच्या दोन बारक्या सुऱ्या. पुण्यात आल्यावर पंचनाम्याचे कागद, आईच्या राहण्याची सोय, माझी नोकरी, ह्या सगळ्यात पोतं गॅलरीच्या कोपऱ्यात पडून राहिलं. दिवाळीच्या आवराआवरीत उघडलं तेव्हा हातात फक्त तांबूस भुकटी आली. ओल्या तागाच्या पोत्यात, चिखलासकट, साडेतीन महिने. लोखंडाला व्हायचं ते सगळं झालं होतं. खवणीच्या दातांमधली फट दिसत नव्हती. मोठ्या सुरीचा पापुद्रा नखाने निघत होता.

मी हिशेबाचं काम करते. तोवर घरात एखादा स्क्रूसुद्धा मी कधी पिळला नव्हता. पण ते पोतं भंगारवाल्याला देणं मला जमेना. मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिले. गंजलेलं पातं दहा मिनिटांत आरशासारखं होताना दिसलं आणि मला वाटलं, आपल्यालाही हेच करायचंय. चकचकीत करायचं. ती चूक मला फार महाग पडली.

सुरुवात मी बाबांच्या सुरीपासून केली. सगळ्यांत लाडकी म्हणून तीच आधी घेतली. बाबा मुंबईत गोदीत कामाला असताना त्यांनी ती घेतली होती. सात इंचांचं पोलादी पातं, मुठीला शिसवीच्या दोन पट्ट्या, त्यात तीन पितळी रिव्हेट. बाबा ती दुसऱ्या कोणाला धार लावायला देत नसत. मागच्या दाराच्या काळ्या दगडी पायरीवर, दर रविवारी, चार ओढ ह्या अंगाने आणि चार त्या अंगाने. पायरी तीच, हात तोच, त्यामुळे मुठीजवळ धारेला दोन बोटं रुंदीचा खोलगट भाग तयार झाला होता. आंब्याचा देठ त्या खोलगटात बरोबर बसायचा. बाबा देठाशी सुरी टेकवत, मनगट जरासं वळवत, की देठ बाजूला. उन्हाळ्यात दिवसाला वीस-पंचवीस आंबे आम्ही पोरं खात होतो आणि ते सगळे त्या दोन बोटांच्या जागेवरून गेलेले असत.

माझ्या दीरांचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे बेंच ग्राइंडर आहे. "वहिनी, द्या, मी करून देतो," ते म्हणाले. मी म्हटलं, नको, मलाच करायचंय. पाच मिनिटांत गंज गेला आणि खाली पांढरं पोलाद दिसलं. माझा आनंद काय विचारता. मग तो खोलगट भाग डोळ्यांत आला. धार सरळ हवी ना, म्हणून मी मुठीपासून टोकापर्यंत एका रेषेत घासायला लागले. दीर पलीकडून ओरडले, "वहिनी थांबा, रंग आला!"

धारेवर आधी वाळल्या गवतासारखी पिवळट छटा आली, मग तपकिरी, मग जांभळी, आणि मी सुरी मागे घेईपर्यंत बोटभर लांबीची पट्टी मोरपिशी निळी झाली होती. दिसायला फार सुंदर. त्याचा अर्थ मला दीरांनी सांगितला तेव्हा पोटात गोळा आला.

पोलाद लालबुंद तापवून एकदम तेलात नाहीतर पाण्यात बुडवलं की ते कडक होतं. आपले लोहार ह्याला पाणी पाजणं म्हणतात. नुसतं तेवढंच केलं तर ते काचेसारखं ठिसूळ राहतं, म्हणून पुन्हा बेताने तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवतात. मग पातं धारही धरतं आणि तुटतही नाही. पिवळट रंग साधारण २२० ते २३० अंश सेल्सियसला येतो, निळा ३०० अंशांच्या आसपास. धार हा पात्याचा सगळ्यांत पातळ भाग. तिथली उष्णता शोषून घ्यायला मागे लोखंडच नसतं, त्यामुळे ग्राइंडरवर दोन सेकंद जास्त झाले की तेवढ्याच जागेचा कडकपणा निघून जातो. गार झाल्यावर तो परत येत नाही. दीरांनी कानस आणून दाखवली. पात्याच्या चांगल्या भागावर ती नुसती घसरत होती, निळ्या भागात मात्र लोण्यात जावी तशी रुतली.

पुढच्या तीन संध्याकाळी मी वॉटर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून ती निळी पट्टी हाताने घासून काढली. जवळजवळ चार मिलिमीटर पोलाद गेलं. सुरी सरळ झाली, बारीक झाली, चमकायलाही लागली. बाबांची रविवारची ती दोन बोटांची जागा मात्र पाव तासात गेली होती आणि ती परत आणायला कुठलंच यंत्र नव्हतं. आईला फोनवर सांगितलं. ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "कापते का?" कापते म्हटलं. "मग वापर." नंतर तिने तो विषय काढला नाही.

पुढच्या खेपेला चिपळूणजवळच्या एका लोहारदादांकडे सुरी दाखवली, पुन्हा पाणी पाजता येईल का विचारलं. त्यांनी पातं प्रकाशासमोर धरलं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि परत दिलं. "एवढं पातळ आता तापवलं तर बुडवताना वाकडं होईल ताई. राहू द्या जसं आहे तसं." त्यांच्या ऐरणीशेजारी ट्रकच्या कमानपाट्यांचे तुकडे पडले होते. त्यांच्या कोयत्या त्यातूनच होतात. आमची कोयतीही त्यांनी बघताक्षणी ओळखली, कमानपाट्याचीच म्हणाले. "हिला भिऊ नका. हिला तुम्ही मारून मारून काय माराल?"

त्यानंतर मी ठरवलं की घरच्या एकाही पात्याला हात लावायचा नाही. आधी शिकायचं, आणि तेही अशा पात्यांवर, ज्यांच्यासाठी कोणी रडणार नाही. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे फरशीवर पसरलेल्या नळांच्या तोट्या, कुलपं आणि पान्यांच्या ढिगात हमखास दोन-चार गंजक्या सुऱ्या असतात. तीस-चाळीस रुपयांना एक. मी दर रविवारी सकाळी जायला लागले. विक्रेते पहिले काही आठवडे माझ्याकडे संशयाने बघत होते, मग माझ्यासाठी सुऱ्या बाजूला काढून ठेवायला लागले.

घेताना काय बघायचं ते हळूहळू कळलं. पातं डोळ्यासमोर आडवं धरून धारेच्या रेषेत बघायचं, वाकडं असेल तर सोडायचं. गंज कितीही असला तरी चालतो, पण धारेलगत खोल खड्डे असतील तर नको, कारण धार त्या खड्ड्यापर्यंत आली की तिथे दात पडल्यासारखी तुटते. बरेच जण चुंबक लावून बघतात. सुऱ्यांचं बरंचसं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं, तेव्हा त्या परीक्षेला अर्थ नाही. मी लिंबाची फोड घासते. साधं पोलाद असेल तर काही मिनिटांत तिथे करडा डाग उमटतो, स्टेनलेस तसंच राहतं. मला साधं पोलादच हवं असतं. ते गंजतं, काळं पडतं, त्याची निगा राखावी लागते, पण दगडावर चार हात फिरवले की पुन्हा धारेला येतं. एकदा गंजाखाली इंग्लंडमधल्या शेफील्डचा शिक्का असलेली सुरी मिळाली. ज्या गावात १९१३मध्ये हॅरी ब्रिअर्लीने गंज न धरणारं पोलाद काढलं, त्याच गावची ही गंजकी सुरी, मुठा नदीच्या काठी चाळीस रुपयांना. ती आता आमच्याकडे रोजची पोळीभाजीच्या ओट्यावरची सुरी आहे.

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा सायकलवर धारवाले काका येतात. सायकल स्टँडवर लावून पायडल मारतात, पट्ट्यावर चाक फिरतं. आधी मी त्यांना सुऱ्या देत असे आणि पैसे देऊन आत जात असे. आता त्यांच्याजवळ उभी राहायला लागले. ते पातं चाकाला लावून दोन श्वास थांबतात आणि लगेच शेजारच्या डब्यातल्या पाण्यात बुडवतात. पुन्हा लावतात, पुन्हा पाणी. मी विचारलं, एवढं सारखं पाणी कशाला? "बोटाला गरम लागलं की उशीर झालेला असतो ताई." मग ठिणग्या दाखवल्या. चांगल्या पोलादाच्या ठिणग्या पुढे जाऊन फुलबाजीसारख्या फुटतात, मऊ लोखंडाची ठिणगी लांब सरळ जाते आणि विझते. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. बाबांच्या सुरीआधी मी ह्यांच्यापाशी अर्धा तास उभी राहिले असते तर, असं मला आजही वाटतं.

गंज काढायचं काम संयमाचं आहे, कष्टाचं नाही. वरवरचा भुकटीसारखा गंज असेल तर साधं तेल लावून रात्रभर ठेवलं आणि सकाळी तारेच्या बारीक काथ्याने घासलं की निघतो. पापुद्रे धरलेला असेल तर व्हिनेगर. बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के ॲसेटिक आम्ल असतं, तेवढं पुरतं. पाण्याची बाटली वरून कापायची, पातं उभं सोडायचं, लाकडी मूठ बाहेर ठेवायची. दर अर्ध्या तासाने काढून घासायचं, दुपारभरात काम होतं. मी एकदा रात्रभर विसरले, तर सकाळी पातं खरखरीत आणि राखाडी झालं होतं, कारण गंज संपला की आम्ल पोलादाकडे वळतं. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारायचं आणि ताबडतोब कोरडं करायचं. ताबडतोब म्हणजे खरोखरच ताबडतोब. उघडं पडलेलं ताजं पोलाद ओलं राहिलं तर डोळ्यांदेखत नारिंगी होतं. मी केस वाळवायचं यंत्र शेजारी चालू करून ठेवते आणि मगच सुरी बाहेर काढते. आजी विळीला चिंच आणि राख लावायची ती ह्याचसाठी. चिंचेतही आम्लच आहे.

गंजलेलं लागलं की धनुर्वात होतो असं आपण लहानपणापासून ऐकतो. धनुर्वात गंजामुळे होत नाही, मातीतल्या आणि शेणातल्या जिवाणूमुळे होतो. पण माझी पाती पुराच्या चिखलातून आलेली होती. मी इंजेक्शन घेऊन मगच बसले, आणि कोरडा गंज घासताना तोंडाला मास्क लावते.

काळा थर मी काढत नाही. लाल गंज भुसभुशीत असतो, तो हवा आणि पाणी आत जाऊ देतो आणि पोखरतच जातो. रोज कांदा, टोमॅटो, लिंबू कापून पात्यावर जो निळसर करडा थर येतो तो चिवट असतो, आणि तो असला की नवा गंज लवकर धरत नाही. लोक हिरव्या घासणीने तो खरवडून काढतात आणि आठवड्यात पुन्हा लाल डाग आले म्हणून तक्रार करतात. कच्ची केळी, केळफूल, हिरडा ह्यांतल्या तुरटपणाचा लोखंडाशी संबंध आला की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पूर्वी शाई करायचे ती ह्याच गुणावर. मी स्वच्छ केलेलं पातं कडक कोऱ्या चहात रात्रभर ठेवते. सकाळी काळसर निळं, ढगाळ आभाळासारखं होऊन निघतं.

धारेसाठी दगड बोहरी आळीत मिळाले. आधी दुहेरी कार्बोरंडमचा, एक अंग जाड आणि एक बारीक. नंतर १००० आणि ३००० नंबरचे पाण्याचे दगड घेतले. नंबर मोठा तेवढा दगड बारीक. खरी अडचण कोनाची. पंधरा अंश म्हणजे किती हे हाताला कसं कळणार? मला एक हिशेब उपयोगी पडला. पातं चार सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साधारण एक सेंटिमीटर उचलायची, की पंधरा अंश होतात. दुसरी युक्ती काळ्या मार्करची. धारेला दोन्हीकडून मार्कर लावायचा आणि दगडावर दोन ओढ घ्यायच्या. शाई धारेच्या वरच्या बाजूला पुसली गेली तर पाठ जास्त खाली आहे, नुसती टोकाला पुसली तर जास्त वर. शाई सगळीकडून सारखी जायला लागली की हात बसला. माझा बसायला दीड महिना लागला.

एका बाजूने पुरेसं घासून झालं की धारेचा अतिसूक्ष्म काठ पलीकडे वळतो. अंगठा पाठीकडून धारेकडे हलकेच आडवा सरकवला तर तो जाणवतो, रेशमी साडीत नख अडकावं तसा. मुठीपासून टोकापर्यंत सलग जाणवला की मगच बाजू पालटायची. कुठे जाणवला नाही तर तिथे धार अजून लागलेलीच नाही, कितीही वेळ घासलं असलं तरी. शेवटी नवऱ्याच्या जुन्या चामडी पट्ट्यावर, न्हावी वस्तरा परजतात तसं, धार मागे ठेवून वीस-पंचवीस वेळा. ह्या टप्प्यावर पिकलेला टोमॅटो फळीवर ठेवून नुसत्या सुरीच्या वजनाने चिरला जातो.

जुन्या बाजारातल्या अकरा सुऱ्या झाल्यावर मी घरच्या पोत्याकडे वळले. भाजीच्या बारक्या सुऱ्या सहज झाल्या. फणसाच्या मोठ्या सुरीची मूठ पुरात फुगून फाटली होती. पूर ओसरल्यावर खिडकीची एक चौकट बदलली होती, तिचा सागवानी तुकडा मी जपून ठेवला होता. त्याच्या दोन पट्ट्या कापल्या, पाच मिलिमीटरच्या पितळी सळीचे तुकडे करून रिव्हेट म्हणून ठोकले, आतून अॅराल्डाइट. मुठीचं काम करताना पात्याला कागद गुंडाळून वर चिकटपट्टी लावायची, हे माझ्या डाव्या तळहातावरच्या व्रणाने मला शिकवलं. लाकडाला जवसाचं कच्चं तेल. ते सावकाश सुकतं, तीन हातांना तीन आठवडे गेले. एक धोक्याची गोष्ट इथेच सांगते. जवसाच्या तेलाची चिंधी बोळा करून टाकायची नाही. सुकताना ते तेल तापतं, आणि बोळ्यातली उष्णता कोंडून चिंधी आपोआप पेटू शकते. मी चिंध्या पसरून दोरीवर वाळवते आणि मग टाकते.

कोयती एवढी दणकट की तिच्यावर नवा प्रयोग केला. बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची उणे तार कोयतीला आणि अधिक तार एका भंगार लोखंडी पट्टीला. चार तासांत लाल गंजाची काळी साय झाली आणि ब्रशने निघून आली. पोलाद जसंच्या तसं. पण हे उघड्यावरच करायचं, कारण हायड्रोजन सुटतो. आणि अधिकच्या तारेला स्टेनलेसची पट्टी कधीही लावायची नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. सोड्याऐवजी मीठही घालायचं नाही, क्लोरीन निघतो.

विळीला मी शेवटी हात घातला, जवळजवळ वर्षाने.

तिचा पाट फणसाच्या लाकडाचा आहे. पुरात पाणी पिऊन तो जड झाला होता, आणि मग पोत्यात बुरशीने काळा पडला. उन्हात वाळवला असता तर तडकला असता. खोलीत सावलीला, खाली दोन काठ्या घालून, दर दोन दिवसांनी उलटसुलट करत दोन महिने वाळवला. घासल्यावर आतून फणसाचा तो पिवळा रंग परत दिसला आणि मला एकदम मागच्या दाराचं ऊन आठवलं. लाकूड आकसल्यामुळे पातं खाचेत खुळखुळायला लागलं. सागवानाची पातळ पाचर तासली, तेलात बुडवली आणि लाकडी हातोडीने ठोकली. तिसऱ्या ठोक्याला आवाज बदलला. खुळखुळ गेली, ठण असा एकच आवाज आला. लोहारदादा टिचकी मारून काय ऐकत होते ते त्या दिवशी मला कळलं.

पात्याचा गंज काढताना मी व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या चिंध्या गुंडाळत होते, कारण एवढं पातं बुडवायला भांडं नव्हतं. गंज गेल्यावर दिसलं की पाटापासून चार बोटांवर पातं झिजून अरुंद झालंय. आजी आणि आई दोघीही पालेभाजीची जुडी तिथेच धरत. साठ वर्षांची मेथी, शेपू, माठ तिथून गेलेला. तिथे खड्डेही होते, आणि पातं एकसारखं करायचं म्हटलं तर वरचा सगळा भाग खाली आणावा लागला असता. मी तिथे नुसती दगडाची अरुंद कड वळणावरून फिरवली. विळीची धार वळणदार, ती दगडावर टेकत नाही, म्हणून पाट टेबलाला आवळून दगडच हातात घ्यायचा आणि वळणाबरोबर न्यायचा. वर जिथे पातं रुंद आहे तिथे रुंद राहिलं, खाली अरुंद आहे तिथे अरुंद. खड्ड्यांचे काळे ठिपके तसेच ठेवले. कापायला त्यांची अडचण होत नाही.

खवणीला एक अख्खा रविवार लागला. गंज काढल्यावर दात मोजले, सव्वीस निघाले. त्यांतले दोन बोथट गोळे झाले होते. बारीक तिकोनी कानस घेतली, प्रत्येक खाचेत तीन ओढ, पुढच्या दिशेनेच, मागे आणताना कानस उचलायची. दोन दातांमध्ये कानस बसते तेव्हा एक बारीक किर्र आवाज येतो, आणि खाच साफ झाली की तो आवाज पातळ होतो. दर खाचेला तो आवाज ऐकला. मधे चहालाही उठले नाही. संध्याकाळी अर्धा नारळ खवून बघितला, तर कीस पांढराशुभ्र, ओलसर आणि लांब पडला. कित्येक वर्षं आमच्या घरी मिक्सरमधलं भरड खोबरं होतं. त्या दिवशी सोलकढी केली.

आई मे महिन्यात पुण्याला आली. तिचे गुडघे गेले आहेत, पाटावर बसता येत नाही. मी विळी जेवणाच्या टेबलाला दोन क्लॅम्पने आवळली आणि खुर्ची पुढे ओढली. आंब्याची पेटी उघडलेली होती. तिने आधी बाबांची सुरी उचलली. आंबा हातात घेऊन तिने देठ मुठीजवळ नेला, नेहमीच्या जागी टेकवला आणि मनगट वळवलं. सुरी सरळ निसटून गेली. तिने क्षणभर पात्याकडे बघितलं. मग टोकाने देठ काढला आणि फोडी करायला लागली. मी ओट्याकडे तोंड करून उभी होते.

फोडी झाल्यावर ती विळीपाशी वळली. आधी पाटावरून हात फिरवला, मग पात्याच्या त्या अरुंद जागेवर पाठीकडून अंगठा टेकवला आणि तसाच ठेवला. "ही जागा ठेवलीस," म्हणाली. नारळाची वाटी दोन्ही हातांत धरून खवायला लागली. वाटी फिरवत, दर वळणाला थोडं थांबत, खाली काळी पाठ लागायच्या आत हात उचलत. कीस ताटात पडत होता. अर्धी वाटी झाल्यावर तिने हात थांबवला आणि खवणीच्या डाव्या अंगाकडे मान वाकवून बघितलं.

"इथे दोन दात ओढतायत अजून," म्हणाली.

मी कपाटातून तिकोनी कानस काढली. तिने खुर्ची जरा बाजूला सरकवली आणि मला चष्मा दिला.